भिंतीवर बसलेलं शहर : कॅफे मोंडेगारची हकिगत

रिगल सिनेमाकडून कुलाबा कॉजवेला लागलं की सुरुवातीलाच मेट्रो हाउस नावाची इमारत दिसते. तिच्या तळमजल्यावर कॅफे मोंडेगार आहे. स्थापना १९३२. रिगल सुरू झालं १९३३ साली, म्हणजे सिनेमा सुटल्यावर चहाला कुठे जायचं हा प्रश्न सिनेमा सुरू होण्याआधीच मिटला होता. नेहमीचे लोक याला नुसतं ‘मोंडीज’ म्हणतात. टेबलं इतकी खेटून मांडलेली की आपली खुर्ची मागे सरकवायची तर मागच्या गिऱ्हाइकाची परवानगी घ्यावी लागते. आणि दोन समोरासमोरच्या भिंती व्यंगचित्रकार मारिओ मिरांडाच्या चित्रांनी गच्च भरलेल्या. या कॅफेचा इतिहास लिहायचा तर खरं म्हणजे या दोन भिंतींचाच लिहायला हवा, पण त्या रंगायच्या आधी कॅफेने जवळजवळ साठ वर्षं काढली होती, ती वगळून चालणार नाही.

स्मरणिकांमधून शाळांचे, पतपेढ्यांचे, व्यायामशाळांचे इतिहास येतात. हॉटेलाचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. हॉटेलाला घटना नसते, वार्षिक सभा नसते, त्यामुळे ती गणपूर्तीअभावी तहकूबही होत नाही. सभासद म्हणावेत तर ते रोज बदलतात आणि वर्गणी रोजच्या रोज गल्ल्यावर भरून मोकळे होतात. तरीही नव्वद वर्षं एकाच जागी एका शहराची ऊठबस सांभाळणाऱ्या ठिकाणाला संस्था म्हणायला माझी तरी हरकत नाही. राहिला प्रश्न वसईजवळच्या उमेळे-नायगावच्या वाचकांचा, कारण हे त्यांच्यासाठी लिहितो आहे. कुलाब्याच्या हॉटेलाशी आपला काय संबंध, असं कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो बराच जुना आहे. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्या मुलखातच मुंबईची बेटं आली. कुलाबा त्यांतलंच एक. पुढची सव्वाशे वर्षं मुंबई हे वसईच्या कारभाराचं एक अंग होतं. आज सकाळची चर्चगेट लोकल उलटं सांगते, पण मूळ व्यवहार तसा आहे.

१६६१च्या लग्नकरारात पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांना दिली. कुलाबा मात्र आणखी बरीच वर्षं सुटं बेटच राहिलं. १८३८ साली समुद्रात भराव घालून कॉजवे बांधला आणि ते शहराला जोडलं गेलं. मग कापसाचा व्यापार आला, १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम आली, १८७५ मध्ये ससून डॉक झाला, १९०३ मध्ये ताज उभं राहिलं, १९२४ मध्ये गेटवे ऑफ इंडिया पुरा झाला. बोटीतून उतरलेला खलाशी, ताजमध्ये उतरलेला साहेब, गोदीतला कारकून आणि लष्करी छावणीतला शिपाई यांचे रस्ते जिथे एकमेकांना छेदत होते, तिथे एका इराण्याने हॉटेल टाकलं.

इराणी आणि पारशी यांची आपल्याकडे गल्लत होते. धर्म एकच, जरथुष्ट्री. पण पारशी संजाणच्या किनाऱ्यावर शतकांपूर्वी आले आणि गुजराती बोलायला लागले. इराणी आले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे, बहुतेक यझ्द आणि केरमान या भागांतून, पोटाच्या आणि जिवाच्या ओढीने. त्यांच्यातली काही कुटुंबं आपल्याच जिल्ह्यात डहाणू-घोलवडला स्थिरावली. तिथल्या चिकूच्या वाड्यांमागे त्यांचे हात आहेत. जे मुंबईत राहिले त्यांनी चहाची दुकानं काढली. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा स्थानिक व्यापारी अशुभ मानून टाळत, ती इराण्यांनी स्वस्तात उचलली, असं सांगतात. खरंखोटं काहीही असो, कोपऱ्यामुळे दोन्ही रस्त्यांवरचं गिऱ्हाईक मिळालं, उजेड आणि वारा दोन्ही बाजूंनी मिळाला आणि गल्ल्यावर बसून सगळं हॉटेल एका नजरेत आलं. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतींवर आरसे, काचेच्या बरण्यांत बिस्किटं. ब्रून मस्का, बन मस्का, खारी, मावा केक, ऑम्लेट-पाव, पानी कम चाय. मुंबईच्या मराठी माणसाला ‘इराण्याकडे बसू’ एवढं म्हटलं की पुरे, नाव-पत्ता लागत नसे.

इराण्याच्या हॉटेलाची एक मोठी गोष्ट म्हणजे तिथे कोणीही कोणाच्या शेजारी बसू शकत होता. खानावळी जातींच्या होत्या, क्लब गोऱ्यांचे होते, जिमखाने धर्मवार वाटलेले होते. मरीन ड्राइव्हवर हिंदू, पारशी आणि इस्लाम जिमखाना आजही एका रांगेत उभे आहेत. क्रिकेटच्या सामन्यांतही संघ धर्मावर पडायचे; पंचरंगी स्पर्धा १९४६ साली बंद झाली तेव्हा कुठे ते थांबलं. इराण्याच्या टेबलाला मात्र कप आणि बशी यांच्यापलीकडे काही ओळखायचं नसे. अर्थात इराण्याची शिस्तही कडक होती. धोबीतलावच्या बास्तानीमध्ये काय करू नये याची मोठी यादी टांगलेली असायची, आणि तिच्यावरून निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविताच केली. केस विंचरू नका, वाद घालू नका, जास्त वेळ बसू नका. लोक तिन्ही गोष्टी करत.

मोंडेगार अशा हॉटेलांपैकीच एक, पण कुलाब्याच्या वस्तीमुळे त्याचं वळण लवकर बदललं. शहरातला पहिला ज्यूकबॉक्स इथेच आला, असं जुने लोक सांगतात. नाणं टाकायचं, बटण दाबायचं आणि आपलं गाणं सगळ्या हॉटेलाला ऐकवायचं. त्या काळच्या कॉलेजच्या पोरांना याचं केवढं अप्रूप असेल ते सांगायला नको. पुढे दारूबंदीचा कायदा आला, १९४९चा, आणि मुंबईतल्या हॉटेलवाल्यांना परवान्यांच्या चक्रात अडकावं लागलं. कायदा जसजसा सैल होत गेला तसतशी बऱ्याच इराण्यांनी चहाच्या जोडीला बिअर ठेवायला सुरुवात केली. ज्यांना हे जमलं नाही किंवा करायचं नव्हतं त्यांची दुकानं मुलांनी विकली, तिथे बँका आल्या, बुटांची दुकानं आली. मोंडेगार बिअरमुळे तगलं हे कबूल करायला हवं. संस्थेच्या इतिहासात असली वाक्यं लिहीत नाहीत, पण या संस्थेत कोणी रागावणार नाही.

आता भिंती.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅफेच्या इराणी मालकांनी मारिओ मिरांडाला बोलावलं आणि दोन भिंती त्याच्या हवाली केल्या. एका भिंतीवर शहर, समोरच्या भिंतीवर खुद्द कॅफेतला माहोल, असा बेत ठरला. मारिओ तेव्हा साठी ओलांडून गेला होता, १९८८ची पद्मश्री मिळाली होती आणि देशातल्या वाचणाऱ्या घरांत त्याची रेघ पाठ झालेली होती. (‘मारिओ’ला अहोजाहो करवत नाही. त्याला कोणी करतही नसत.)

मारिओचा जन्म २ मे १९२६, दमणचा. घर गोव्यात लोटलीला. लहानपणी हा मुलगा घराच्या भिंतींवर चित्रं काढायचा. आईने वैतागून त्याला कोरी वही आणून दिली आणि त्या वहीला तो डायरी म्हणू लागला. रोज जे दिसेल ते त्या डायरीत: पाद्री, मावश्या, लग्नं, मयती, कुत्री. पाद्र्यांची चित्रं काढल्यामुळे थोडी बोलणीही खाल्ली. पुढे मुंबईत सेंट झेवियर्समधून इतिहास घेऊन बीए झाला. आई-वडिलांच्या आग्रहाने वास्तुशास्त्राला हात लावून पाहिला, तो सोडला. चित्रकलेचं रीतसर शिक्षण असं झालंच नाही. पोटासाठी पोस्टकार्डांवर चित्रं काढून विकली, ‘करंट’ साप्ताहिकात काम केलं, मग ‘इलस्ट्रेटेड वीकली’ आणि टाइम्स समूह. १९५९च्या सुमारास गुल्बेंकियन प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती मिळाली आणि तो लिस्बनला गेला, तिथून लंडनला काही वर्षं काढून पुन्हा मुंबईत आला. मिस फोन्सेका, मिस निंबूपानी, पुढारी बंडलदास ही त्याची माणसं वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांतून रोजच्या भेटीला येत राहिली. ज्या मुलाच्या हातातून भिंत काढून घेऊन वही दिली होती, त्याला साठीनंतर एका हॉटेलवाल्याने भिंत परत दिली, असा हा हिशेब आहे.

कॅफेच्या भिंतीवरचं हे चित्र जवळून बघण्यासारखं आहे. लांबून ती नुसती गर्दी वाटते. जवळ गेलं की कळतं की या गर्दीत कोणीच नुसता रिकामी जागा भरायला घातलेला नाही. मारिओची काळी रेघ एकसारख्या जाडीची असते, ती कुठे अडखळत नाही. प्रत्येक माणसाला नाक वेगळं. ठिपक्याठिपक्यांचा फ्रॉक घातलेल्या बायका, टक्कल पडलेले जाडे गृहस्थ, एकमेकांकडे बघणारं जोडपं आणि त्या जोडप्याकडे बघणारा तिसरा. ट्रे घेऊन गर्दीतून वाट काढणारा वेटर, वाजवणारे, पिणारे, झोपलेले. कोण कोणाशी बोलतंय, कोण कोणाला टाळतंय हे सगळं कळतं. आणि गंमत म्हणजे तुम्ही त्या भिंतीखाली बसलात की समोरच्या टेबलावरच्या माणसाला तुमच्या डोक्यामागे जी माणसं दिसतात, त्यांच्यात आणि तुमच्यात फारसा फरक राहत नाही. वेटर खरा आणि वेटर चितारलेला, दोघेही घाईतच असतात.

मारिओने या भिंतींवर मुंबईच्या थोर पुरुषांची रांग मांडलेली नाही. शहराचं चित्र काढा म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा पुतळे आठवतात. मग किल्ला, मग घोडा, मग तलवार, कोपऱ्यात उगवता सूर्य. मारिओने इतिहासात पदवी घेतली होती, त्याला हे सगळं काढता आलं असतं. त्याने काढली ती टेबलावर बसणारी माणसं. गोव्यातही त्याने हेच केलं. पणजीच्या बाजारातल्या त्याच्या भित्तिचित्रांत बाजारातलीच माणसं आहेत. त्याची गर्दी जुनी होत नाही, कारण गर्दीला निवृत्त व्हावं लागत नाही.

याच्या उलट एक उदाहरण याच कुलाब्यात घडलं. २००२ साली मोंडेगारपासून चालत जाण्याच्या अंतरावर, ताजच्या बाजूला ‘तेंडुलकर्स’ नावाचं रेस्तराँ सुरू झालं. सचिन तेव्हा खेळत होता, नाव सोन्याचं होतं. बॅट, ग्लोव्हज, फोटो, सचिनच्या आवडीचे पदार्थ, सगळी जय्यत तयारी. पुढे मुलुंडलाही ‘सचिन्स’ निघालं. कुलाब्याचं रेस्तराँ काही वर्षांतच बंद झालं. हॉटेलं बंद पडायला हजार कारणं असतात, भाडं असतं, जेवण असतं, त्यामुळे सगळं खापर भिंतींवर फोडायला नको. तरी मला वाटतं की खेळाडूच्या फोटोखाली बसून माणूस एकदा जेवतो, दुसऱ्यांदा पाहुण्यांना घेऊन येतो आणि तिसऱ्यांदा शेजारच्या इराण्याकडे जातो. देवळात रोज जेवायला बसायचं म्हटलं तर अवघडल्यासारखं होणारच.

कोल्हापुरात मात्र हेच फोटो टिकतात. तिथे मिसळीच्या आणि रश्श्याच्या हॉटेलांत राजर्षी शाहूंची तसबीर असते, तिच्या आजूबाजूला गदा घेतलेले पैलवान असतात आणि १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकचं कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव असतात. फरक असा की तिथे तांबडा रस्सा ओरपणारा माणूस त्या पैलवानाला ओळखतो, नाहीतर त्याच्या तालमीला ओळखतो, नाहीतर शाहू महाराजांनी १९१२ मध्ये पुरं केलेल्या खासबाग मैदानाच्या दगडी पायऱ्यांवर बसून त्याच्या वडिलांनी त्या पैलवानाची कुस्ती बघितलेली असते. ते फोटो घरच्या माणसांचे असतात.

कॉजवेवर आणखी एक भिंत आहे, तिचा उल्लेख टाळून पुढे जाता येत नाही. लिओपोल्ड कॅफे १८७१चा, तोही इराण्यांनीच चालवलेला, मोंडेगारपासून चार पावलांवर. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री अतिरेक्यांनी तिथे गोळीबार केला. माणसं मेली. थोड्याच दिवसांत कॅफे उघडला आणि भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा मालकांनी बुजवल्या नाहीत. आज लोक त्या खुणांसमोर उभे राहून फोटो काढतात. मला ते बघवत नाही, पण त्या बुजवाव्यात असंही म्हणवत नाही. २०१६ साली मेट्रो हाउसला आग लागली, तेव्हा मोंडेगारच्या भिंतींची धाकधूक होती. आज कॅफे चालू आहे, चित्रंही जागेवर आहेत. मारिओ ११ डिसेंबर २०११ रोजी लोटलीला गेला. पुढच्या वर्षी त्याला मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

जवळच काळा घोड्याला ‘वेसाइड इन’ होतं. कवी अरुण कोलटकर तिथे ठरावीक टेबलावर बसून रस्त्याकडे बघत आणि त्या बघण्यातून ‘काळा घोडा पोएम्स’ हा २००४चा संग्रह झाला. ते रेस्तराँ गेलं, टेबल गेलं, पुस्तक राहिलं. मोंडेगारमध्ये कोणी तसं पुस्तक लिहिलं नाही. तिथल्या रस्त्याकडे बघण्याचं काम भिंतीवरच झालं. एका हॉटेलाला दोन्ही मिळायला पाहिजे होतं, पण हॉटेलं मागून मिळवत नाहीत.

आता हे सगळं उमेळ्याला कशाला सांगायचं, तर आपल्याकडे हॉटेलं वाढताहेत. वसई रोडपासून नायगावपर्यंत आणि पुढे महामार्गावर दर महिन्याला एक पाटी नवी लागते. आणि भिंत सजवायची म्हटली की ठरलेली दोन चित्रं असतात. एक, तारप्याचा गोल नाच, वारली पद्धतीचा, छापील कागदावरून उतरवलेला. जिव्या सोमा मशेंनी डहाणूच्या कुडाच्या भिंतीवरून जी कला जगभर नेली, ती आपल्याच जिल्ह्यात वॉलपेपर झाली आहे. लग्नाचा चौक सवाष्णींनी तांदळाच्या पिठाने लिहायचा असतो, त्यात देव असतो, घर असतं, झाडं असतात. पार्किंगजवळच्या भिंतीवर यातलं काहीच नसतं, फक्त पांढऱ्या काड्यांची माणसं गोल फिरत असतात. दुसरं चित्र वसईच्या किल्ल्याचं. किल्ला आपला आहेच, १७३९ साली चिमाजी आप्पांनी तो घेतला हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. पण किल्ला काढला की वसई संपली, असं थोडंच आहे?

मारिओच्या पद्धतीने कोणी आपली भिंत काढायची ठरवली तर तिच्यावर काय येईल याचा मी कधी कधी विचार करतो. नायगावची मिठागरं, उन्हात चमकणारी. पहाटेच्या लोकलला टोपल्या चढवणाऱ्या बायका, मोगरा आणि सोनचाफा दादरला घेऊन जाणाऱ्या, आणि त्यांच्याशी जागेवरून भांडणारे कारकून. लाल लुगड्यातली कुपारी म्हातारी भाजीचा भाव सांगताना. राजेळी केळ्यांची सुकेळी. चर्चच्या सणाचा बँड, मागे गणपतीचा ताशा, दोन्हीत वाजवणारा एकच पोरगा. ‘हरित वसई’ चळवळीच्या मोर्चात पांढऱ्या झग्यातले फादर दिब्रिटो. भात कापून झाल्यावर मोकळ्या झालेल्या शेतातली टेनिस बॉलची मॅच, जिच्यात सीमारेषा म्हणजे बांध आणि तिथे उभा असलेला बैल. आणि डब्याच्या दारात पॅड-बॅटची पिशवी सांभाळत उभा असलेला विरारचा एक मुलगा. पृथ्वी शॉ लहानपणी असाच पहाटेच्या गाड्यांनी मुंबईला सरावाला जायचा. २०१३ साली हॅरिस शील्डमध्ये त्याने एका डावात ५४६ धावा केल्या. त्याचा भलामोठा फोटो लावू नये. तो डब्याच्या गर्दीत चेंगरलेलाच बरा दिसेल, आणि ज्याला ओळखायचं तो ओळखील. वसई-विरारच्या मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्यांना पाणी देणारी शाळेची मुलंही हवीत, पहिला आलेला कोण याची फारशी गरज नाही.

काढणारे हात शोधायला लांब जायला नको. रुळांपलीकडे जूचंद्र आहे. तिथल्या रांगोळीवाल्यांनी जमिनीवर माणसांचे हुबेहूब चेहरे उतरवून नाव कमावलं आहे. त्यांना भिंत द्या, आणि चौकटी टाकून चित्र कसं मोठं करायचं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नाही. मात्र दोन गोष्टी आधी बघून घ्याव्यात. आपल्याकडची हवा खारी, पावसाळ्यानंतर नव्या भिंतीलाही लोणा लागतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात, तेव्हा गिलावा वाळल्याशिवाय ब्रश लावू नये. दुसरं म्हणजे मालकाने चित्रकाराला काय काढायचं ते सांगावं, कोणाला काढायचं ते सांगू नये. उद्घाटकांचा चेहरा गर्दीत घालायचा आग्रह हमखास होतो. तो मान्य करायचा असेल तर निदान त्यांच्या हातात पाण्याचा जग द्यावा आणि त्यांना वाढपी करावं.